मुंबई ते मुरगाव : जहाजावरील एक रात्र

खानापूर तालुक्यातील ज्या वस्तीत मी लहानाचा मोठा झालो, तेथून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्रीची रांग आहे, घनदाट रान आहे, आणि पावसाळ्यात तर शेजारचे गावही धुक्यात दिसेनासे होते. तथापि समुद्राशी नाते नाही असे घर त्या वस्तीत शोधूनच काढावे लागेल. कुणाचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी, कुणाचा जावई यंत्रघरात, तर कुणाचे वडील जन्मभर खलाशी. भिंतीवर पांढऱ्या गणवेशातील छायाचित्र आणि माळ्यावर परदेशी चिठ्ठ्या चिकटवलेली पेटी, ही आमच्या घरांची खूणच म्हणा ना!

आमच्या घरात तो मान माझ्या धाकट्या भावाचा. परदेशी प्रवाशांना सहलीसाठी देशोदेशी फिरवून आणणाऱ्या मोठमोठ्या जहाजांवर तो भोजनगृहात वाढप्याचे काम करीत असे. २०१९ सालच्या फेब्रुवारीत त्याचा आठ महिन्यांचा करार संपून तो मुंबईस उतरणार होता. आई तेव्हा मुंबईतच मावशीकडे डोळ्यांच्या उपचारासाठी गेलेली. तिला परत आणावयास मी गेलो, तो भावाने आमच्या हाती तीन तिकिटे ठेवली. गाडीची नव्हेत, मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या ‘आंग्रिया’ या पर्यटन-जहाजाची!

धर्मगुरूने असल्या सुखसोयींच्या जहाजावर पाऊल ठेवावे काय, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. मी काहीतरी सबब सांगू लागलो. भाऊ म्हणाला, “दादा, चौदा वर्षे मी जहाजावर आहे, पण प्रवासी म्हणून एकदाही नाही. आणि तू आला नाहीस तर आई यायची नाही.” यापुढे मला काही बोलता आले नाही.

‘आंग्रिया’ची मुंबई-गोवा सफर २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. सुमारे ४०० प्रवासी मावतील असे ते जहाज दुपारी चारच्या सुमारास माझगावच्या बाजूच्या गोदीतून निघे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदरास लागे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांची आठवण त्या नावात होती. विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या पोटात प्रवाळाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्यालाही आंग्रियाच म्हणतात.

गोदीवर आम्ही पोहोचलो तेव्हा आईच्या बगलेत एक गुंडाळी होती. तपासणीच्या फळीवर ती उलगडली, तो निघाली चटई! पहारेकऱ्याने विचारले, “आजी, हे कशाला?” आई म्हणाली, “निजायला. जागा लवकर धरली नाही तर रात्रभर बसून काढावी लागते.” तो हसला आणि चटई नीट गुंडाळून त्याने तिच्या हाती दिली.

आईची काही चूक नव्हती. तिचे माहेर पेडण्याचे. १९७० च्या दशकात ती मुंबईस एका घरी मुले सांभाळण्याच्या कामाला होती, आणि पणजीहून मुंबईस जावयाचे ते बोटीने. ‘कोकणशक्ती’ आणि ‘कोकणसेवक’ ही नावे त्या पिढीच्या तोंडी अजूनही घरच्या माणसांसारखी येतात. गरिबाचा प्रवास उघड्या डेकवर. बोटीवर चढताक्षणी धावत जाऊन चटई पसरावयाची. जेवढी चटई तेवढे आपले राज्य! पुढे त्या बोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून गोव्यापर्यंत अखंड धावू लागली, आणि ती चटई माळ्यावर गेली. ती आता, चाळीसहून अधिक वर्षांनी, आईने मावशीच्या घरून मागून आणली होती.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून संकटसमयी कोठे जमावयाचे आणि तरंगावयाचे जाकीट कसे बांधावयाचे हे दाखविण्यात आले. काही तरुण मंडळी हसत होती. भाऊ मात्र एकदम गंभीर झाला. १९१२ साली टायटॅनिक बुडून सुमारे १५०० माणसे गेली. नौका सर्वांना पुरतील एवढ्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये राष्ट्रांनी समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला करार केला. जहाजावरील आजची शिस्त त्यातूनच उभी राहिली आहे. आईला टायटॅनिक ठाऊक नव्हते, परंतु ‘रामदास’ ठाऊक होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. आईने जाकिटाचा बंद दोनदा बांधला, दोनदा सोडला, आणि मग म्हणाली, “हं, आता येते.”

दोर सुटले. मुंबईच्या उंच इमारती हळूहळू मागे सरल्या, आणि उजेड उतरू लागला तशी डाव्या हातास खांदेरीचे बेट दिसले. शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या डोळ्यांदेखत ज्यावर तटबंदी उभारण्यास हात घातला ते हे बेट. १९९८ पासून त्याला कान्होजी आंग्रे यांचेच नाव आहे. सूर्य मावळण्याची वेळ झाली तेव्हा सारे प्रवासी जहाजाच्या उजव्या कठड्याशी धावले. पश्चिमेस पाणी तांबूस, मग जांभळे, मग शाईसारखे झाले. आई मात्र डाव्या बाजूस एकटी बसून होती. मी बोलावले तर म्हणाली, “सूर्य घरूनही दिसतो रे. किनारा इथूनच दिसतो.” आणि खरेच, मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूचे डोंगर एकामागून एक निळसर होत चालले होते. तिच्या तरुणपणीचा तो रस्ता होता.

रात्री आम्ही जेवावयास बसलो. शुभ्र आच्छादनाचे मेज, चकचकीत काटे-चमचे, नाना प्रकारचे पदार्थ. भाऊ खुर्चीवर बसला खरा, पण त्याचे चित्त बसेना. शेजारच्या मेजावरील पेला रिकामा झाला की त्याची मान तिकडे वळे. आमची जेवणे होताच त्याने नकळत तिन्ही बश्या एकावर एक रचल्या, चमचे एका बाजूस लावले, आणि तो उठून उभाही राहिला! मग भानावर येऊन ओशाळला आणि पुन्हा बसला. आमच्याकडे वाढणारा कोवळा मुलगा हे पाहत होता. त्याने हळूच विचारले, “साहेब, आपण कोणत्या जहाजावर?” दोघेही हसले.

आई हसली नाही. ती त्या मुलाकडे मघापासून टक लावून पाहत होती. तिने भावाला विचारले, “तूसुद्धा असाच उभा असतोस काय?”

“होय.”

“किती वेळ?”

“दहा तास. कधी अकरा.”

“आणि रविवारी?”

भाऊ काही बोलला नाही. त्याच्या कामात रविवार नव्हता. करार संपेपर्यंत आठवड्याचे सातही दिवस सारखेच.

वाचकहो, मी येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे की त्या क्षणापर्यंत हे मलाही नीट ठाऊक नव्हते. भाऊ घरी छायाचित्रे पाठवी ती झुंबरांखालची, संगमरवरी जिन्यावरची. पाण्याच्या पातळीखालील खोलीत तो आणखी एकाबरोबर राहतो, त्या खोलीस खिडकी नाही, हे त्याने कधी लिहिले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही. खलाशांच्या व जहाजावरील कामगारांच्या हक्कांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक करार केला. तो २०१३ साली अंमलात आला. त्यातील दंडक असा की माणसाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. विश्रांतीचेही माप कायद्याने लिहून ठेवावे लागते! मी विश्रांतिवाराच्या आज्ञेवर किती प्रवचने केली असतील. परंतु माझ्या सख्ख्या भावाला एवढ्या वर्षांत रविवार मिळत नाही, हे मला जहाजावरच्या जेवणाच्या मेजावर कळले.

वाढणारा मुलगा बश्या उचलावयास आला तेव्हा आईने त्याचा हात धरला. “बाळा, तू जेवलास काय?”

तो गोंधळला. भोजनगृहात हा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारला नसावा. “नंतर जेवेन, आजी,” तो म्हणाला, आणि लगबगीने निघून गेला.

केबिन सुंदर होती, बिछाना मऊ होता, पण आईला झोप येईना. अकराच्या सुमारास ती उठली, चटई काखेत मारली, आणि आम्ही तिघे वर डेकवर गेलो. एका कोपऱ्यात वाऱ्याचा आडोसा पाहून तिने चटई पसरली. आम्ही दोघे चाळिशीकडे झुकलेले भाऊ तिच्या दोन्ही बाजूंस लहान मुलांसारखे बसलो. रोझरी झाली. मग कुणीच बोलले नाही. खाली यंत्रांची एकसारखी घरघर, आणि दूर मासेमारीच्या होड्यांचे दिवे जणू पाण्यावर सांडलेले.

डावीकडे एक दिवा ठरावीक वेळाने लुकलुकत होता. भाऊ म्हणाला, “जयगड असावे.” त्याने समजावून सांगितले की प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याची चाल निराळी असते. कुठला दिवा किती सेकंदांनी आणि किती वेळा चमकतो हे मोजून अंधारातही नाविकाला आपण कोठे आहोत ते कळते. आई म्हणाली, “आम्ही नव्हतो मोजत. रत्नागिरी आली की खालून हाका ऐकू येत.” मग ती सांगू लागली. धक्का नसलेल्या बंदरांत बोट दूर समुद्रात थांबे. पडाव तिला येऊन भिडत. लाटेबरोबर पडाव वर आला की उतरणाऱ्याने त्याच क्षणी पाय टाकावयाचा. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. एकेका बंदरास बायका कडेवर मूल घेऊन अशा उतरत. ती पहिल्या पगारातून वडिलांना धोतरजोडी घेऊन चालली होती, ते गाठोडे तिने रात्रभर उशाशी धरले होते.

बोलता बोलता ती थांबली. मग भावाला म्हणाली, “पुन्हा कधी जायचे आहे?”

“मे महिन्यात. वरचा मजला पुरा करायचा आहे ना.”

आमच्या घरावर वरच्या मजल्याच्या लोखंडी सळ्या सहा वर्षे उभ्या होत्या. तो मजला आईचीच हौस. “अजून एक वर्ष जा, म्हणजे छप्पर पडेल,” असे ती दर वर्षी म्हणे, आणि तो जाई. त्या रात्री ती बराच वेळ काळोखात पाहत राहिली आणि म्हणाली, “हे एकदाच जा, दिलेला शब्द पुरा कर. नंतर नको. मजला राहू दे.”

भावाने उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने पाहिले तो चटईवर, आईच्या पायांशी, तो गाढ झोपला होता. तिने आपली शाल त्याच्यावर घातली. मीही तेथेच पाठ टेकली. पहाटे दव पडले तेव्हा उठलो.

सकाळी वेंगुर्ल्याचे खडक दिसले. ज्यांच्या गुहांतून पाकोळ्या घरटी बांधतात तेच हे खडक. सूर्य सह्याद्रीच्या मागून वर आला. आम्ही डोंगराच्या त्या अंगास राहणारी माणसे; आपलाच डोंगर आपण पाठीमागून पाहत आहोत असे वाटले. मग आग्वाद मागे पडले, मुरगावचे धक्के दिसू लागले. मुंबईपासून सुमारे २२५ सागरी मैल आम्ही आलो होतो. उतरताना तो वाढणारा मुलगा जिन्याशी उभा होता. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी वास्कोहून गाडी धरली. कुळ्याला घाटासाठी जादा इंजिने लागली, दूधसागराची फेब्रुवारीतील बारीक धार दिसली, आणि दिवेलागणीला लोंढा आले. भाऊ वाटभर झोपला होता. आम्ही त्याला उठवले नाही.

तो मे महिन्यात गेला आणि २०२० च्या जानेवारीत कायमचा परतला. दोनच महिन्यांत महामारीमुळे जगभरची पर्यटन-जहाजे थांबली, आणि हजारो कामगार कित्येक महिने समुद्रावरच अडकून पडले. त्यांत आमच्या ओळखीची मुलेही होती. ‘आंग्रिया’ची सफरही त्याच वर्षी बंद पडली. भाऊ आता खानापुरास लहानशी खानावळ चालवतो. रविवारी ती बंद असते; आईचा तसा हुकूमच आहे. सळ्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांना दोरी बांधून आई तिच्यावर कपडे वाळत घालते.

ज्यांची मुले आज जहाजावर आहेत अशा घरांना माझी एकच विनंती आहे. मुलगा घरी आला की पहिल्या दिवशी हिशेब काढू नका, भेटीगाठींची यादी करू नका. त्याला पोटभर जेवू घाला, निजू द्या, आणि मग जवळ बसून विचारा की तो तेथे कसा राहतो. आम्ही चौदा वर्षे विचारले नव्हते.