छताला पहिला हात

यंदा मेच्या सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नाही. नागपूरला नाही, पुण्याला नाही, पचमढीलाही नाही. कारण सोपं आहे. मार्चमध्ये इंद्रपुरीत घर घेतलं आणि घराच्या हप्त्याने सुट्टीचे पैसे खाल्ले. जुनंच घर आहे. खाली दोन खोल्या, वर एक आणि त्यावर छत. नवरा पुण्याचा, तो गच्ची म्हणतो. मी भोपाळची, मी छत म्हणते. सहा वर्षांची लेक दोन्ही सोडून ‘ऊपर’ म्हणते.

आमच्या घरातलं हे पहिलंच स्वतःचं घर. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि सरकारी कचेरीतले माझे आजोबाही फायलींच्या मागोमाग इथे आले. ते राहिले टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नाव तात्या टोप्यांचं, म्हणून आजीला ते गाव लगेच आपलं वाटलं म्हणे. बाबा भेलमध्ये लागले आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये गेले. माझं सगळं लहानपण तिथलं. आंब्याचं झाड, समोर मैदान, संध्याकाळी कारखान्यातून परतणाऱ्या सायकली. पण निवृत्तीला क्वार्टर सोडावं लागतं. तोवर बाबांचा पैसा दोन मुलींच्या शिक्षणात आणि लग्नात गेला होता. आजोबांच्या वेळची टी. टी. नगरातली कितीतरी क्वार्टर्स स्मार्ट सिटीच्या कामात पाडली गेली. पिपलानीच्या आमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. आई-बाबा जवळच भाड्याच्या घरात असतात.

मला वाटलं होतं, घर झालं की आई-बाबा आमच्याकडे येतील. आई तयार होती. बाबा शनिवारी सकाळी यायचे, हातात कैऱ्यांची पिशवी आणि आपला भेलच्या वेळचा पत्र्याचा टूलबॉक्स घेऊन. नळाचा वायसर बदलायचे, कूलरची खस नवी बसवायचे, दाराची कडी सरळ करायचे. जेवायचे, पन्हं प्यायचे, आणि दिवे लागले की उठायचे. टूलबॉक्सही बरोबर न्यायचे. ‘तुमच्या घरात राहा म्हणता, बरं वाटतं. पण लेकीच्या घरी दोन घटका बसावं, मुक्काम करू नये,’ असं एकदाच म्हणाले. नवरा म्हणाला, ‘बाबा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?’ बाबा हसले आणि चपला घातल्या.

मग २५ मे आला आणि नवतपा लागला. वरची खोली म्हणजे भट्टी. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका, रात्री बारा वाजले तरी पंखा गरमच हवा फेकायचा. कूलर खाली, वर काही चालेना. एका रात्री नवरा आणि मी अक्षरशः भांडलो. त्याचं म्हणणं, एसी घेऊ. माझं म्हणणं, हप्ता कोण भरणार? आणि मनातलं खरं म्हणणं दोघांनीही बोललं नाही की, घर घ्यायची घाई तर नाही ना झाली?

शनिवारी बाबांना सांगितलं. ते छतावर गेले, अनवाणी उभे राहून पाहिलं आणि दोन उड्यांत सावलीत आले. म्हणाले, ‘तुमचं छत काळं आहे. पांढरं करा. चुना आणा, बाकी मी बघतो.’

कळीचा चुना आणला. लोखंडी टोपल्यात पाणी घालून बाबांनी तो विरवला. लेकीला दाराच्या आत बसवलं होतं, कारण चुना डोळ्यांत उडाला तर वाईट. तिथूनच ती ओरडली, ‘आजोबा, गॅस नाही तरी पाणी उकळून राहिलंय!’ हे ‘राहिलंय’ थेट आमच्या आजीचं, नागपूरचं. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. बाबांनी तिला सांगितलं की कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की त्यातून उष्णता निघते, आणि छतावर लावलेला चुना हवा खात खात पुन्हा दगडासारखा होतो. पुस्तकात वाचलं असतं तर ती विसरली असती. आता शेजारच्या सगळ्या पोरांना तिने शिकवलंय.

चुना निवला, गाळला, त्यात थोडा फेविकॉल घातला. छत झाडून धुतलं. ऊन उतरल्यावर सहा वाजता पहिला हात मारला. बाबा ब्रश धरून पुढे, नवरा बादली घेऊन मागे, आई खालून ‘कोपरे राहिले’ म्हणून सांगतेय, न बघताच! कुरडया आधीच शेजारच्या काकींच्या छतावर हलवल्या होत्या. दिवेलागण झाली. मी बाबांच्या चपलांकडे पाहत होते.

बाबा हात धुऊन म्हणाले, ‘दुसरा हात पहाटे पाचला मारावा लागेल. ऊन चढलं की चुना नीट धरत नाही.’ मग जरा थांबून, ‘येणं-जाणं कशाला?’

कोणी काही बोललं नाही. आईने गुपचूप वरणाला आणखी एक वाटी डाळ लावली. खाली कूलरसमोर सगळ्यांच्या गाद्या टाकल्या.

पहाटे मी चहा घेऊन वर गेले तर दुसरा हात निम्मा झाला होता. पलीकडच्या छतावरचे गृहस्थ विचारत होते, ‘अंकल, नए किराएदार हैं क्या?’ बाबांनी ब्रश बादलीत ठेवला, कंबर सरळ केली आणि म्हणाले, ‘नहीं जी. बेटी का घर है. उसने लिया है.’ मी तिथेच जिन्यावर थांबले. चहा गार झाला, पण मग सगळ्यांनी पोहे-जलेबी खाल्ली, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

वरची खोली काही महाबळेश्वर झाली नाही. पण रात्री झोप लागते, आणि छतावर संध्याकाळी अनवाणी चालता येतं. एसीचा विषय पुढच्या वर्षावर गेला. जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडला तेव्हा जिन्याजवळ एका जागी ओल आली. नवरा वैतागला. मी लगेच बाबांना फोन केला. खरं सांगू, मला ती ओल फार बरी वाटली.

त्या रविवारी बाबा संध्याकाळी आईसोबत घरी गेले. मी दार लावायला गेले, तर टूलबॉक्स दारामागेच होता. ओरडून आठवण केली. ते रस्त्यावरूनच म्हणाले, ‘राहू दे. शनिवारी लागेल.’

अजून तो तिथेच आहे.