फायरवायरच्या शोधात



शाळेच्या कपाटात जुन्या स्नेहसंमेलनांच्या मिनी डीव्ही टेप आहेत. आता आपल्यात नसलेल्या बाईंचा आवाज त्यांत आहे. कॅमेरा चालतो, पण चित्र पूर्ण उतरते फायरवायर केबलनेच. हिंदी माध्यमात शिकलेल्या मला ती ‘अग्नितार’ वाटली! हे 1995 चे मानक, वेग सेकंदाला 400 मेगाबिटपर्यंत. यूएसबी 2.0 ने 2000 साली कागदावर 480 गाठले आणि बाजारही जिंकला. नव्या संगणकांना फायरवायरचा पोर्टच नसतो. अॅपलनेही 2025 च्या मॅकओएसमधून ते काढले. एम. पी. नगरातले दुकानदार म्हणाले, “सर, अब नहीं आता.” टेप मात्र दरवर्षी खराब होताहेत. कुणा पालकांकडे असा जुना संगणक असल्यास कृपया कार्यालयात कळवावे. तासाच्या टेपला पूर्ण तास लागतो. रविवारी मी शाळेत थांबेन.