खेकड्याचं कण्हणं

लोणावळ्यात आमच्या लहानपणी रात्री झोप लागायची ती खेकड्याच्या आवाजावर. खेकडा म्हणजे घाटातलं जुनं विजेचं इंजिन. मध्ये खोलीसारखा उंच भाग, पुढे-मागे लांब नाकं, आणि वळणावर अंग मोडत कण्हत जायची सवय. कर्जतला गाडीच्या पाठीला बँकर इंजिनं लागत आणि रेटत रेटत तिला वर आणत. अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं, गाडी चढतेय.

आजोबांना या खेकड्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "इंजिन म्हटलं की धूर पाहिजे," म्हणायचे. त्यांच्या वेळची गाडी खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशनात थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची वाट धरायची. १९२९ मध्ये घाटात वीज आली, नवे बोगदे झाले आणि ते स्टेशन संपलं. आजोबा त्याची गोष्ट पाडलेल्या वाड्याची सांगावी तशी सांगत.

पुढे मला वाटू लागलं, त्यांच्याही आजोबांनी त्या धुराला शिव्या घातल्या असतील. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. त्यावर बैलगाड्या चालायच्या, तट्टं आणि पालख्यांचे भोई पोट भरायचे. १८५८ मध्ये पुण्याकडची रेल्वे खंडाळ्यापर्यंत आली, पण पुढचा घाट पाच वर्षं उतारूंना पालखीत नाहीतर तट्टावर बसूनच उतरावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातली रेल्वे सुरू झाली आणि भोयांचे खांदे रिकामे झाले.

हा घाट बांधायला सात वर्षं लागली. पंचवीस बोगदे, आणि सर्वात तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट. १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर माणसं एका वेळी कामाला होती. पटकीने किती गेली त्याला गणती नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे. पाट्या वाहणाऱ्या बायांचं नाही. म्हणून मला शिंग्रोबा जवळचा वाटतो. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा आणि त्याबद्दल गोळी खाणारा धनगर, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण जुन्या रस्त्यावरचा ड्रायव्हर त्याच्या देवळाशी नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नसे.

त्याच सालांत तिकडे अमेरिकेत यादवी पेटली होती. दक्षिणेतला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. देशावरचा कापूस बंदरावर न्यायला नेमका तेव्हाच आमचा घाट तयार झाला. १८६५ मध्ये ते युद्ध थांबलं, भाव कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले.

भुशी धरण वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायला बांधलेलं. पुढे टाटांनी वळवण, लोणावळा, शिरवता ही तळी बांधली, आणि १९१५ पासून आमचा पाऊस घाटाखाली खोपोलीत पडून मुंबईच्या गिरण्या फिरवू लागला. पाण्यामागोमाग माणसंही गेली. आमचे एक चुलते लालबागला गिरणीत होते. सुट्टीला आले की भाताच्या खाचरात उभे राहून साच्यांचा खडखडाट तोंडाने करून दाखवत. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे गावी आले आणि तो आवाज त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता भुशीच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात भाजलेल्या कणसाचा वास आणि पाय ठेवायला जागा नाही. खाचरांच्या जागी बंगले आहेत. ज्यांनी खाचर विकलं, त्यांतलाच एखादा त्या बंगल्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला असतो. इंद्रायणी तांदूळ आम्हीही आता दुकानातून आणतो, हे कबूल केलेलं बरं.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून ट्रकांची एक अखंड घरघर रात्रभर चालू असते. मी खिडकी लावून घेतो. नातू सुट्टीला आला की अंधारात उठून ती हळूच उघडतो. त्याला त्याशिवाय झोप लागत नाही.