साथीला बसलेली माणसे

विलंबित ख्याल सावकाश उलगडत असतो, गायक तालाच्या आवर्तनापासून फार दूर निघून गेला असा भास होऊन श्रोत्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि तेवढ्यात तो सहज समेवर येऊन ठेपतो, तेव्हा सभेतून जी वाहवा उठते ती सारी गायकाच्या पदरात पडते. परंतु शेजारच्या तबलजीने लय तसूभरही ढळू दिली नाही म्हणून तर त्याला इतके दूर जाण्याचे धाडस झाले, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

तंबोऱ्याचीच गोष्ट घ्या. पहिली तार बहुधा पंचमात, जोडाच्या दोन षड्जात आणि शेवटची खर्जात. गांधाराची तार त्यात कोठेच नाही. पण घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी साधणारा हात जाणता असला आणि चारही तारा एकमेकींत नेमक्या मिळाल्या, की खर्जातून गांधार आपोआप उमटू लागतो. तो खर्जाच्या पोटात असतोच. संगत जुळेपर्यंत ऐकू येत नाही, इतकेच. माणसाच्या अंगच्या सामर्थ्याचेही असेच असावे, असे मला वाटत आले आहे.

बालगंधर्वांच्या गळ्यात निसर्गाने काय उणे ठेवले होते? तरीही 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे गुणिजन लाभले, तेव्हा त्या गळ्यातले लाघव अधिकच खुलले. ज्यांचा एकल तबला ऐकण्यासाठी जाणकारांनी कान टवकारून बसावे आणि ज्यांना पुढे रामपूर दरबाराने आश्रय द्यावा, त्या थिरकवांनी नाट्यपदाखाली साधा, भरीव ठेका धरावा, एकही अक्षर झाकू नये, आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत मात्र एखादा मोहक तुकडा ठेवून द्यावा, हा संयम मला त्यांच्या तयारीहून थोर वाटतो.

साथ ही केवळ धाकट्याने थोरल्याची करावयाची असते, असेही नाही. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोघेही आपापल्या मंडळीचे धनी, दोघांचेही चाहते हट्टी, आणि रंगभूमीवरची चुरस सर्वश्रुत. अशा दोन नटांनी एकाच रात्री एकमेकांसमोर उभे राहणे म्हणजे आपल्या कीर्तीची उघड परीक्षा देणेच होते. पण समोर तोलामोलाचा माणूस असला म्हणजे गाणाऱ्याला राखून गाण्याची सोय उरत नाही, आणि त्या प्रयोगाच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या त्या याचमुळे, अशी माझी समजूत आहे. केशवराव त्याच वर्षी वारले. त्यांना अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य लाभले.

मैफलींच्या हस्तपत्रकांवर गायकाचे नाव ठसठशीत छापतात आणि साथीदारांची नावे कधी बारीक टाइपात असतात, कधी नसतातही. ती ठळक छापावीत, अशी संयोजकांना माझी आग्रहाची विनंती आहे. आणि श्रोतेहो, पुढच्या मैफलीनंतर गायकाला नमस्कार करून लगेच वळू नका. गवसणी घालीत बसलेल्या तबलजीलाही दोन शब्द सांगा.