डंबेल की मशीन?

"डॉक्टर, डंबेल उचलू की मशीनवर बसू?" पन्नाशीनंतर जिम सुरू करताना तुम्ही हे हमखास विचारता. माझंच सांगतो. 52व्या वर्षी हौसेनं बारबेल उचलला आणि आठवडाभर कंबर धरून पेशंट तपासले. मग तीन महिने मशीनवरच काढले. मशीनमध्ये वजनाची दिशा ठरलेली असते, म्हणून नवख्याला ती सोपी. पण भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना तोल आपणच सांभाळायचा असतो. तो सराव डंबेलने होतो. आता आठवड्यातून दोन दिवस मी दोन्ही करतो. तुम्हीही हलक्या वजनाने सुरुवात करा. श्वास रोखू नका, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सत्तरीतही मला जमिनीवरून आधाराशिवाय उठायचंय. तुम्हाला?