काटकसरीची बंदूक

काटकसर आणि कद्रूपणा या दोहोंत खर्च कमी होतो, एवढ्यावरून त्या एकच वस्तू होत असे आपण मध्यमवर्गीय लोक धरून चालतो. हा भेद आम्हांस अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पिंपळगाव राजा येथील लोहाराच्या भात्यापाशी अधिक स्पष्ट झाला. मोटारीच्या जुन्या पाट्याच्या पोलादापासून तो वखराची पास घडवितो. नवे पोलाद त्यास परवडत नाही हे खरे. परंतु जुने पोलाद किती तापवावे आणि त्यास पाणी केव्हा द्यावे, हे त्यास ठाऊक नसते तर ती पास पहिल्याच पाळीत वाकली असती.

याच गावी सैन्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "सर, आम्ही जन्मभर वागवली ती एसेलार बंदूक आपली होती, का उसनी?"

प्रश्न विचार करण्याजोगा आहे. १९६२ च्या चिनी युद्धात आपल्या पायदळाच्या हाती मुख्यतः थ्री-नॉट-थ्री होती. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे सारावा लागे. समोरच्या चिनी सैनिकांजवळ स्वयंभरणाच्या रायफली होत्या. अशा रायफलीत सुटलेल्या गोळीमागील वायूचा थोडा अंश दट्ट्या मागे रेटतो, रिकामे काडतूस बाहेर पडते व नवे आपोआप आत येते. बेल्जियमची फाल रायफल या जातीची होती. तथापि तिच्या परवान्याच्या अटी आपल्या सरकारास मानवल्या नाहीत. तेव्हा १९५८ साली पुण्यात स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने निरनिराळ्या देशांचे नमुने उलगडून, मापून, ७.६२ मिलिमीटरची 'वन-ए-वन' सिद्ध केली, आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने ती घडविली. मूळ कंपनीने पुढे हरकत घेतली व तडजोड करावी लागली, हेही नमूद केलेच पाहिजे.

मग ती नक्कल नव्हे काय? देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' बेतला. परंतु ते नाटक मराठी रंगभूमीचे नव्हे असे कोणी म्हणत नाही. परकी वस्तू आपल्या साधनांनी पुन्हा उभी करावयाची तर तिचा प्रत्येक सांधा समजून घ्यावा लागतो. विकत घेणाऱ्यास ते श्रम नसतात आणि ते ज्ञानही लाभत नाही. १९९० च्या दशकात 'वन-ए-वन'ची जागा घेऊ लागलेली 'इन्सास' त्याच पुण्याच्या संस्थेने आखली. तिच्यातही दोष निघाले, परंतु आराखडा कोठे मागावयास जावे लागले नाही.

सबब त्या गृहस्थांस आम्ही उत्तर दिले, "आराखडा उसना होता, बंदूक आपली होती." ते हसले, पण लगेच म्हणाले, "चार वर्षं आधी मिळती तर?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ईशापूरचे कारीगर १९६२ पूर्वीही होते आणि पुण्याची संस्थाही होती. पैसा थोडा असताना विद्या खर्चून वस्तू उभी करणे ही काटकसर. विद्या हाताशी असता निकड दारात येईपर्यंत थांबणे हा कद्रूपणा. लोहार आपली पास पेरणीपूर्वी घडवितो. राष्ट्राने ती पेरणी उलटल्यावर घडविली, आणि त्या विलंबाचे मोल हिमालयात जवानांनी प्राणांनी चुकविले.