अंदाज आणि पैज

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी चिपळूणहून फोनवर मला विचारले, "पोरगा भविष्य सांगायला लागलाय म्हणे?" त्यांना कुणीतरी सांगितले होते की न्यू जर्सीतला त्यांचा नातू दर मार्चमध्ये वही घेऊन बसतो आणि कोणता संघ कितवा येणार ते लिहून ठेवतो. गैबची खबर फक्त अल्लाहला, मग हे काय नवीन?

त्यांना समजावता समजावता मलाच हा प्रकार नीट समजला.

खेळ बेसबॉलचा. इथल्या मोठ्या स्पर्धेत तीस संघ. दोन लीग, प्रत्येकीत पाच-पाच संघांचे तीन गट. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. आपल्या आयपीएलमध्ये साखळीत चौदा सामने असतात, त्यावरून कल्पना करा. फेब्रुवारीत सगळे संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सरावाला जातात आणि तेव्हापासून घराघरांत, ऑफिसांत हा अंदाजांचा उद्योग सुरू होतो. आमचा मुलगा तीसही नावांपुढे एकेक आकडा लिहितो, हा संघ इतके सामने जिंकेल म्हणून.

आकडा हवेतून येत नाही. कोण कोणत्या संघात गेला, कुणाचे वय झाले, कोणत्या पिचरचा, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाचा, खांदा दुखावलाय, हे पाहून तो संघ किती धावा करेल आणि किती देईल ते ठरवतो. पुढचे गणित बिल जेम्स नावाच्या अभ्यासकाचे. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ८०० केल्या, ७०० दिल्या, तर साधारण ९२ विजय. वर्षानुवर्षे हे गणित बऱ्यापैकी जुळत आले आहे. मला त्याचे कौतुक वाटते. शाळेच्या गणिताला इतका वेळ दिला असता तर अधिक वाटले असते, ते सोडा.

सासूबाईंना मी म्हटले, "अम्मी, मोहर बघून बागवाला यंदा किती पेट्या होतील ते सांगतो ना, तसेच हे." त्या लगेच म्हणाल्या, "मग हरकत नाही. पण मोहरावर सौदा करू नको म्हणावे." फळ तयार झाल्याचे दिसण्याआधी ते विकायला हदीसमध्ये मनाई आहे, हे त्यांना वडिलांच्या बागेपासून ठाऊक. अंदाज बांधायला कुणाची ना नाही. न दिसणाऱ्या फळावर पैसे लावण्याला आहे. एवढी स्वच्छ रेघ मला इथल्या कुणी आखून दिली नव्हती.

आणि मोहर कसा गळतो ते २०२३ साली आम्ही घरात पाहिले. हंगाम रमजानमध्येच, ३० मार्चला सुरू झाला. आमच्याकडे न्यूयॉर्क मेट्सची बाजू घेतात. आदल्या वर्षी त्यांनी १०१ सामने जिंकले होते आणि आता खेळाडूंच्या पगारावर सगळ्या संघांत जास्त खर्च त्यांचाच होता. पण हंगामाच्या दोन आठवडे आधी त्यांचा एडविन डियाझ, सामन्याच्या शेवटी येऊन विजय पक्का करणारा पिचर, प्वेर्तो रिकोकडून जागतिक स्पर्धेत खेळायला गेला. संघ जिंकला, सगळे मैदानात उड्या मारू लागले आणि त्या आनंदात त्याचा गुडघा गेला. वर्षभर तो खेळलाच नाही. मेट्स ७५ विजयांवर थांबले. याउलट टेक्सास रेंजर्स. आदल्या वर्षी त्यांनी ९४ सामने हरले होते, या वर्षी अजिंक्यपद त्यांचे. अंतिम फेरीत समोर कोण, तर ॲरिझोना, फक्त ८४ विजयांचा संघ, ज्याने शंभर विजयांच्या लॉस एंजेलिस डॉजर्सना तीन सामन्यांत घरी पाठवले होते. कोणत्या वहीत हे सापडणार होते?

मुलगा म्हणतो, यात काहीच विचित्र नाही. नाणे १६२ वेळा उडवा. ८१ वेळा छापा यायला हवा. पण तीनपैकी साधारण एका खेपेला तुम्ही त्यापासून सहापेक्षा जास्त चुकाल. नाण्याचे हे, तर माणसांचे काय!

इथपर्यंत सगळे गंमतीचे. माझी झोप उडते ती पुढच्या गोष्टीने. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याचा निर्णय राज्यांवर सोडला. तो खटला आमच्याच न्यू जर्सीचा, आणि महिन्याभरात इथे सट्टा सुरूही झाला. आता तो खिशातल्या फोनवर आहे. वयाची अट एकवीस, पण मोठ्या भावाचे खाते असतेच. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाने कॉलेजच्या एका सत्राची फी अशीच घालवली. नमाजी घर, आईवडील दोघे कष्टाळू. त्या आईला भेटायला गेले तेव्हा काय बोलावे ते सुचेना. सूरह माइदामध्ये शराबीबरोबर जुगाराचे नाव आहे, हे त्या मुलालाही पाठ होते. त्याला तो जुगार वाटतच नव्हता. "मला या खेळातले कळते," असे तो म्हणे.

आमचा मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजात जाईल. त्याला नुसते हराम म्हणून मी थांबले नाही. कारण कळते म्हणणाऱ्याला रोखायला कळण्याचाच हिशेब लागतो. तो त्याने स्वतःच मांडला होता. सट्टेवाल्या कंपन्या प्रत्येक संघाचा विजयांचा आकडा हंगामाआधी जाहीर करतात आणि तुम्ही जास्त किंवा कमी सांगायचे. शंभर डॉलर मिळवायला बहुधा एकशेदहा लावावे लागतात. त्याने तीन वर्षे आपल्या आकड्याशेजारी कंपनीचाही लिहून ठेवला होता, एक पैसा न लावता. नव्वदपैकी शेहेचाळीस वेळा तो बरोबर निघाला.

त्याच्या मित्राने हे ऐकले, तेव्हा तो आमच्याच स्वयंपाकघरात बसला होता. "अरे, निम्म्यापेक्षा जास्त! तू कमावले असतेस." मुलाने कागद पुढे ओढला. शेहेचाळीसचे ४,६०० आले, चव्वेचाळीसचे ४,८४० गेले. दोनशेचाळीस डॉलरचा तोटा, तोही तीन वर्षे डोके घालून.

मित्र कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तरी यंदाचे तुझे आकडे मला पाठव."

मुलाने पाठवले नाहीत.